सोलर बंद पडला तरी घरात अंधार होत नाही

आमच्या गच्चीवरचा सोलर मागे एकदा मे महिन्यात २२ दिवस बंद होता आणि घरातल्या पाच माणसांपैकी एकालाही ते कळलं नाही. पंखे फिरत होते, मिक्सर चालत होता, आईची मालिका एक दिवसही चुकली नव्हती. कळलं ते बिल हातात पडल्यावर. वळवाच्या पहिल्याच तडाख्यात वीज कडाडली होती, तेव्हा जिन्यातल्या पेटीतला एक एमसीबी खाली पडला होता. मी खटका वर केला आणि सोलर सुरू झाला. दुरुस्तीचा खर्च शून्य. वाया गेले ते जवळपास पावणेतीनशे युनिट.

फ्रीज बिघडला तर दूध नासतं. मोटर बिघडली तर टाकी कोरडी पडते. सोलर बिघडला तर घरात काहीच होत नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे. (आमच्याकडं ‘सोलर’ म्हटलं की निम्म्या लोकांना अजून गरम पाण्याचाच सोलर आठवतो. मी बोलतोय तो विजेचा.) गच्चीवरच्या प्लेटा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज तयार करतात, सोलरचा इन्व्हर्टर तिची एसी, म्हणजे घरात चालते तशी दिशा बदलणारी वीज करतो आणि ती घरात येते. कमी पडली तर उरलेली महावितरणच्या तारेतून येते, जास्त झाली तर त्याच तारेतून बाहेर जाते. ही देवाणघेवाण इतकी गुपचूप चालते की प्लेटा पूर्ण बंद पडल्या तरी बल्ब लुकलुकतसुद्धा नाही. म्हणून देखभाल म्हटलं की लोक आधी पाण्याचा पाइप शोधतात, मी आधी पेन शोधतो.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर दुधाचा हिशोब लिहिला जातो. त्याच चौकटीत, दुधाच्या आकड्याखाली, मी आता रोज संध्याकाळी सोलरचे युनिट लिहितो. इन्व्हर्टरच्या पडद्यावर ‘आजची निर्मिती’ म्हणून ते दिसतात, मोबाइलच्या अॅपवरही दिसतात. पण अॅपवर फार विसंबू नका. घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलला की इन्व्हर्टरचा आणि अॅपचा संपर्क तुटतो, आणि मग ‘शून्य’ दिसतंय ते सोलर बंद आहे म्हणून की वायफाय तुटलंय म्हणून, हे खाली जाऊन बघितल्याशिवाय समजत नाही.

आता किती युनिट म्हणजे ठीक? आपल्या कोल्हापूरच्या भागात १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला साधारण ४ युनिट धरतात. ३ किलोवॅटला १२. पण सरासरी ही फसवी गोष्ट. आमच्याकडं ५४० वॅटच्या ६ प्लेटा आहेत, म्हणजे ३.२४ किलोवॅट. फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ दिवशी १५ युनिटच्या आसपास येतात, आणि जुलैत पाऊस लागून राहिला की ३ ते ५. जुलैत ४ आले म्हणून घाबरायचं नाही, आणि मार्चमध्ये ११ आले म्हणून खूश व्हायचं नाही. मार्चमधले ११ म्हणजे काहीतरी बिनसलंय.

आभाळाचा दोष की आपला, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे, तिला यंत्र लागत नाही, शेजारी लागतो. आमच्या गल्लीत चार घरं सोडून आण्णांचा ३ किलोवॅटचा सोलर आहे. त्यांचे युनिट भागिले ३, माझे भागिले ३.२४. दोन्ही उत्तरं जवळपास सारखी आली तर ढगांवर खापर फोडायचं. त्यांचे ४ आणि माझे २.८ आले तर शिडी काढायची.

इथं एक घोळ नेहमी होतो तो सांगून टाकतो, कारण त्यापायी लोक विक्रेत्याशी भांडतात. नेट मीटर, म्हणजे महावितरणच्या तारेतून येणारी आणि जाणारी वीज मोजणारा मीटर, तुमच्या सोलरची निर्मिती मोजतच नाही. समजा दिवसभरात १२ युनिट तयार झाले. त्यातले ५ दिवसाच घरात वापरले गेले: मोटर, वॉशिंग मशीन, फ्रीज. ते मीटरपर्यंत पोचलेच नाहीत. उरलेले ७ बाहेर गेले, ते ‘एक्स्पोर्ट’मध्ये दिसतील. रात्री तुम्ही ६ युनिट घेतले, ते ‘इम्पोर्ट’. बिलात हिशोब ७ आणि ६ चा होतो, १२ चा आकडा तिथं कुठंच नसतो. ‘अॅपवर १२ दिसतात आणि मीटरवर ७, मधले ५ कुणी खाल्ले?’ असं आण्णांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, ‘तुमच्या मोटरीनं.’ शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात धरले जातात, हिशोबाचं वर्ष मार्चअखेर संपतं. आणि सोलर कितीही चालला तरी बिलातला स्थिर आकार राहतोच. बिल शून्य का आलं नाही म्हणून सोलरला शिव्या घालू नका.

आकडा कमी का होतो, याची कारणं आता एकेक बघू. पहिलं कारण ऊन. चुकून लिहिलेलं नाही. प्लेटेला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. प्लेटेवर लिहिलेले ५४० वॅट हे सेलचं, म्हणजे काचेखालच्या वीज करणाऱ्या चौकोनी तुकड्यांचं, तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. त्याच्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. एप्रिलच्या दुपारी काचेखालचा सेल सहज ६५ अंशांवर जातो, म्हणजे ४० अंश जास्त, म्हणजे १४ टक्के गेले. त्यामुळं रखरखीत मे महिन्यापेक्षा निरभ्र, थोडा गार फेब्रुवारी चांगला. यावर इलाज नाही. काही जण दुपारी पाइप लावून प्लेटा ‘थंड’ करतात, ते मात्र करू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकू शकते, आणि वाचलेल्या विजेपेक्षा पाण्याचीच किंमत जास्त.

दुसरं कारण घाण, आणि याबाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. रस्त्याची धूळ सगळीकडंच असते. आपल्याकडं दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळांचा धूर, कारखान्यांच्या चिमण्यांमधून येणारी राख आणि फडात पेटवलेलं पाचट असं सगळं मिळून हवेत असतं. फुलेवाडीच्या पुढं ज्यांची घरं शेताला लागून आहेत त्यांनी सकाळी गच्चीवर जाऊन बघावं. पाचटाच्या काळ्या, लांबट, हलक्या काड्या पडलेल्या असतात. कोरडी असताना फुंकर मारली की उडते. पण थंडीतलं दव पडलं की तीच काडी काचेला चिकटते आणि बोटानं पुसायला गेलं की शाईसारखी पसरते. म्हणून नोव्हेंबर ते मे आम्ही दर पंधरा दिवसांनी प्लेटा धुतो, पावसाळ्यात जवळपास नाही.

एका रविवारी मी जवळून बघायचं म्हणून खालच्या कडेशी उकिडवा बसलो. प्लेटेचा मधला भाग बरा होता. पण अगदी खाली, जिथं काच संपून अॅल्युमिनियमची चौकट सुरू होते तिथं, बोटभर रुंदीचा चिखलाचा पट्टा वाळून घट्ट बसला होता. चौकटीचा काठ काचेपेक्षा अगदी थोडा उंच असतो, वळवाचं गढूळ पाणी तिथं अडतं, पाणी उडून जातं आणि माती राहते. लांबून बघितलं तर प्लेट स्वच्छ. आणि हाच पट्टा सगळ्यात महाग पडतो.

का, ते समजायला हंगामातली कारखान्याकडं जाणारी उसाच्या गाड्यांची रांग डोळ्यांसमोर आणा. रस्ता अरुंद, ओव्हरटेक नाही. मधली एक गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबतात, त्यांचे बैल कितीही दमदार असोत. प्लेटेतले सेल असेच एकामागोमाग जोडलेले असतात. एक सेल झाकला गेला की त्या ओळीतून जाणारा प्रवाह त्या एका सेलपुरताच मर्यादित होतो. झाकलेला सेल वीज करायचं सोडून वीज खायला लागतो आणि तापतो, तापून तापून तिथं काळपट-तपकिरी डाग पडतो. हे टाळायला प्लेटेच्या पाठीमागच्या डबीत बायपास डायोड असतात, साधारण तीन. तो झाला बाजूचा कच्चा रस्ता: अडलेला टप्पा सोडून बाकीची रांग पुढं जाते, पण तेवढ्या टप्प्याची वीज गेली ती गेली. आता खालचा चिखलाचा पट्टा आठवा. प्लेट उभी बसवली असेल तर तो पट्टा सगळ्या ओळींचा शेवटचा सेल झाकतो. म्हणजे तिन्ही रस्त्यांवर एकेक गाडी आडवी. हल्लीच्या अर्ध्या सेलच्या प्लेटांत वरचा अर्धा भाग वेगळा जोडलेला असल्यानं तो तरी वाचतो, खालचा मार खातो. अख्ख्या प्लेटेवर सारखी पसरलेली धूळ परवडली, पण हा पट्टा आणि कबुतराची एक जाड विष्ठा नाही परवडत.

कबुतरांचं मी काय सांगू. प्लेटांखालची सावली त्यांना फार आवडते. काड्या, पिसं, अंडी, सगळा संसार. एकदा घरटं झालं की वायरी ओढल्या जातात, वर घाण सुरू होते. घरटं व्हायच्या आधीच प्लेटांच्या चारी बाजूंनी जाळी मारून घेतलेली बरी. मात्र जाळी चौकटीला क्लिपनं बसवायची, चौकटीला भोकं पाडायची नाहीत. भोक पाडलं की कंपनीची वॉरंटी गेली. आम्ही जाळी मारली, तरी दोन कबुतरं वरच्या काठावर येऊन बसतातच. त्यांच्याशी माझा तह झालेला नाही.

धुवायची पद्धत साधी आहे. सकाळी ऊन चढायच्या आत, काच गार असताना. दव पडलं असेल तर उत्तम, घाण आधीच भिजलेली असते. नळाचं साधं पाणी, लांब दांड्याचा मऊ मॉप आणि रबराचा वायपर. कपड्यांची पावडर नको, तारेची घासणी तर नकोच. बोअरचं पाणी जड असेल तर टाळा. बादलीच्या काठाला जो पांढरा क्षार चढतो तोच काचेवर चढतो आणि मग निघता निघत नाही. तेच पाणी वापरायची वेळ आली तर वाळू न देता लगेच वायपर फिरवा. आणि प्लेटेवर पाय द्यायचा नाही. गुडघाही नाही. काच फुटत नाही म्हणून माणसं बिनधास्त चढतात, पण काचेखालचा सिलिकॉन पापडासारखा असतो. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्या दोन-तीन वर्षांनी आकड्यात दिसायला लागतात. उंच सांगाड्यावर प्लेटा असतील तर स्वतः कसरत करू नका, माणूस बोलवा, त्याला दोर बांधायला लावा.

तिसरं कारण सावली. ही डिसेंबरात तपासायची. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत सोलर बसवलेल्या माणसाला वाटतं, आपल्याकडं सावलीचा प्रश्नच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही दक्षिणेला कलून साधारण ५० अंशांवरच असतो. दोन मीटर उंचीच्या टाकीची सावली भर बाराला पावणेदोन मीटर पडते, आणि सकाळी नऊला तर कितीतरी लांब. शेजाऱ्यांचा वाढलेला मजला, दक्षिणेचा नारळ, डिशची छत्री, वाळत घातलेली चादरसुद्धा. उसाच्या गाडीचा नियम इथंही तोच.

आता बिघाड. दोन तक्रारी आपल्याकडं हमखास येतात आणि दोन्हींत लोक इन्व्हर्टर खराब झाला असं समजतात. पहिली: ऐन दुपारी, चांगलं ऊन असताना इन्व्हर्टर बंद पडतो, थोड्या वेळानं आपोआप चालू होतो, पुन्हा बंद. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असं काहीतरी. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला तारेतल्या व्होल्टेजपेक्षा किंचित वर जावं लागतं. दुपारी गल्लीत वापर कमी, त्यात चार घरांचे सोलर ढकलतायत, आणि घरापासून खांबापर्यंतची वायर बारीक किंवा जोड सैल. मग २३० च्या जागी २६० च्या घरात व्होल्टेज जातं आणि ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बाजूला होतो. तो त्याचं काम नीट करतोय. वायर आणि जोड तपासून घ्यायचे, तरी व्होल्टेज चढत असेल तर महावितरणकडं लेखी तक्रार द्यायची. ‘सेटिंग वाढवून देतो की, काय काळजी करताय’ म्हणणाऱ्या पोराला चहा पाजून परत पाठवा, कारण ते वाढलेलं व्होल्टेज तुमच्या फ्रीज-टीव्हीलाच सोसावं लागतं.

दुसरी तक्रार पावसाळ्यातली: सकाळी सोलर सुरूच होत नाही, अकरा-बाराला होतो. रोज सकाळी चालू होण्याआधी इन्व्हर्टर तपासतो की डीसीच्या वायरीतून वीज जमिनीत तर झिरपत नाही. कुठं जोडात पाणी शिरलं असेल, वायर सांगाड्याच्या धारदार कडेला घासून सोलली असेल किंवा उंदरानं कुरतडली असेल, तर तो ‘इन्सुलेशन’ किंवा ‘आयसोलेशन’ची चूक दाखवून थांबतो. ऊन पडलं, ओल सुकली की चालू. म्हणून ‘होतोय की चालू’ म्हणत लोक सोडून देतात. सोडू नका, तीच ओल उद्या ठिणगी होते. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की प्लेटांखालचे जोड स्लॅबवर, डबक्यात लोळत असतात. मे संपायच्या आत सगळ्या वायरी वर बांधून घ्या.

स्वतः मात्र ते जोड उपसू नका. ६ प्लेटा एकामागे एक म्हणजे ३०० व्होल्टच्या आसपास डीसी. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळं ठिणगी विझायला वाव असतो. डीसी शून्यावर येतच नाही. चालू जोड ओढला तर ठिणगी वेल्डिंगसारखी लांबत जाते. आणि प्लेटेला बटण नसतं. उजेड आहे तोवर तिच्या वायरीत वीज आहे, खाली काहीही बंद केलेलं असो. इन्व्हर्टर बंद करायचाच झाला तर आधी एसीचा खटका, मग डीसीचा.

लाईट गेली की सोलरही का बंद होतो, याचंही उत्तर इथंच आहे. तुमच्या प्लेटा तारेत वीज ढकलत राहिल्या तर खांबावर चढलेल्या वायरमनला बंद वाटणारी तार जिवंत असेल. म्हणून तार मेली की इन्व्हर्टरही थांबतो. हा बिघाड नाही. लाईट गेल्यावरही सोलर हवा असेल तर बॅटरीचा, वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर लागतो, त्याची देखभाल हा वेगळा विषय.

अर्थिंगकडं कुणी बघत नाही. साधारण तीन खड्डे असतात: आभाळातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाचा वेगळा, डीसीचा वेगळा, एसीचा वेगळा. जमीन कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग कमजोर होतं, आणि नेमके एप्रिल-मे कोरडे असतात, नेमके वळवाचे गडगडाट तेव्हाच. फुलझाडांना पाणी घालता तेव्हा या खड्ड्यांतही तांब्या-दोन तांबे ओता. पेटीत सर्ज, म्हणजे विजेचा अचानक येणारा लोंढा, अडवणारा एक ठोकळा असतो, त्याला छोटी खिडकी असते. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर त्यानं एक धक्का स्वतःवर घेऊन जीव सोडला आहे, तो बदला. लाल खिडकीनं सोलर बंद पडत नाही, त्यामुळं हेही आपण होऊन बघावं लागतं. त्याच फेरीत सांगाड्याचे नटबोल्ट आणि गंज बघा. गंजलेल्या जागी साधा ऑइलपेंट न मारता जस्ताचा रंग मारा.

नदीकाठच्या लोकांसाठी थोडं वेगळं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर इन्व्हर्टर तळमजल्यावर ठेवू नये हे निदान आपल्याला तरी सांगायला नको. पण अजून बसतात, मीटरजवळ वायर कमी लागते म्हणून. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. घर सोडायची वेळ आली तर एसी, मग डीसी, दोन्ही खटके खाली करून निघा. पाणी उतरल्यावर चिखलात बुडालेल्या इन्व्हर्टरला हात लावू नका. लाईट नसली तरी गच्चीवर ऊन पडलेलं असतं, आणि खालपर्यंत आलेल्या वायरीत ते ३०० व्होल्ट उभे असतात.

कागदांचं एका दमात सांगतो. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि बसवणाऱ्यानं पाच वर्षं देखभाल करायची अट आहे. ती मागून घ्या. प्लेटांचे आणि इन्व्हर्टरचे अनुक्रमांक, बिलं आणि बसवल्या दिवशीचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. प्लेटा २५ वर्षं चालतात, वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास मंदावत. इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही, दहा-बारा वर्षांत एकदा बदलायचा खर्च धरूनच चाला. तोवर त्याला सावलीत ठेवा, वर ओल्या छत्र्या टांगू नका, पाठीमागच्या पंख्यावरची धूळ ब्रशनं झाडा.

आण्णांनीही आता कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली आहे. परवा संध्याकाळी त्यांचा फोन. ‘आज २.९ च आलंय की रं. बिघडलं म्हणायचं का?’ माझ्या चौकटीत ३.२ होते. खिडकीतून बघितलं, समोरच्या घराची टाकीसुद्धा पावसात दिसत नव्हती.

‘न्हाय आण्णा. पाऊस लागलाय.’